तपासी अंमलदार व्हायचंय? पुण्यातल्या नवख्यांसाठी भरतीच्या मैदानापासून पहिल्या पंचनाम्यापर्यंत

मी बत्तीस वर्षं खात्यात होतो, त्यातली बरीचशी पुण्यात, तपासाच्या कामात. निवृत्तीनंतर नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत अधूनमधून मुलांशी बोलायला जातो. दर वेळी कुणीतरी विचारतंच, “सर, डिटेक्टिव्ह व्हायला कोणती परीक्षा द्यायची?” विचारणारा लातूरहून नाहीतर सांगोल्याहून आलेला असतो. खोलीचं भाडं आणि मेसचा महिना यांचा मेळ घालत पुण्यात दिवस काढत असतो. त्याला गुळमुळीत उत्तर देणं मला पटत नाही. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, अशी वेगळी परीक्षा नाही. महाराष्ट्र पोलिसांत ‘डिटेक्टिव्ह’ या पदाची जाहिरात निघत नाही. तुम्ही आधी शिपाई किंवा उपनिरीक्षक म्हणून भरती होता, तपास शिकता, त्यासाठीचं प्रशिक्षण घेता, आणि तुमचं काम वरिष्ठांच्या नजरेत भरलं तर साध्या कपड्यांतल्या पथकात घेतले जाता. ‘तीन महिन्यांत डिटेक्टिव्ह’ असं सांगणाऱ्या खासगी कोर्सचं प्रमाणपत्र खात्यात कुणी विचारत नाही. ते पैसे बुटांवर आणि पुस्तकांवर घाला.

तपास चालतो कुठं

पुणे शहराचं पोलीस आयुक्तालय १९६५ सालचं, पिंपरी-चिंचवडचं २०१८ सालचं. शहराबाहेरचा भाग पुणे ग्रामीणकडे. शहरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात एक तपास पथक असतं. त्याला सगळे ‘डीबी’ म्हणतात. एखादा सहायक निरीक्षक किंवा उपनिरीक्षक आणि त्याच्या हाताखाली पाच-सात अंमलदार, एवढाच त्याचा पसारा. त्यावर आयुक्तालयाची गुन्हे शाखा, तिची युनिटं, अमली पदार्थ विरोधी आणि खंडणी विरोधी अशी पथकं. ग्रामीणमध्ये हेच काम स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, करते. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं, आपल्या सीआयडीचं, मुख्यालय पुण्यातच आहे आणि राज्याचा अंगुलीमुद्रा विभागही त्याच्याच अखत्यारीत येतो. टीव्हीवर पाहिलेली सीआयडी डोक्यातून काढून टाका. खऱ्या सीआयडीत माणूस ठाण्यात आणि जिल्ह्यात काम करून मगच पोचतो.

आत जायची दोन दारं

पहिलं दार शिपाई भरतीचं. बारावी पास, वय १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानात निम्मे गुण तरी हवेतच, आणि जागांच्या दहापट उमेदवारांनाच लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असे चार विषय.

इथं एक निवड अशी आहे की मुलं ती घाईत करतात आणि मग वर्षानुवर्षं हळहळतात. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. एकट्या पुणे परिसरातच शहर, पिंपरी-चिंचवड, ग्रामीण, लोहमार्ग आणि राज्य राखीव दलाचे गट असे बरेच घटक आहेत. ‘जागा जास्त दिसल्या’ म्हणून राखीव दलात गेलात तर बंदोबस्त वाट्याला येतो, तपास नाही. ती नोकरी मानाची आहे, पण ज्याला तपासच करायचाय त्यानं शहर, ग्रामीण किंवा लोहमार्ग यांतलं एक धरावं. लोहमार्गाला मुलं नाक मुरडतात, ते मला कळत नाही. पुणे स्टेशनवर बॅगचोरी, मोबाइलचोरी, बेवारस मयत, हरवलेली मुलं हे सगळं एका पाळीत बघायला मिळतं.

दुसरं दार महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं, पोलीस उपनिरीक्षक पदाचं. पदवी हवी. वय १९ ते ३१, मागास प्रवर्गाला ३४. उंची पुरुषांना १६५, महिलांना १५७ सेंटिमीटर. पूर्व परीक्षा १०० गुणांची, एका तासाची. मुख्य परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी २०० गुणांचे, पहिला मराठी-इंग्रजीचा, दुसरा सामान्य अध्ययनाचा. चुकलेल्या उत्तराला पाव हिश्शानं गुण कापतात. मग शारीरिक चाचणी आणि ४० गुणांची मुलाखत. शारीरिक चाचणीत मुलांना गोळाफेक, पुलअप्स, लांब उडी आणि ८०० मीटर धावणं. मुलींना गोळाफेक, लांब उडी आणि ४०० मीटर. अलीकडे ही चाचणी पात्रतेपुरतीच धरतात, तिचे गुण शेवटच्या यादीत येत नाहीत. नियम जाहिरातीगणिक थोडेफार हलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

कुठलं दार धरायचं? पदवी झाली असेल आणि घरची परिस्थिती दोन-तीन वर्षं थांबू देत असेल तर उपनिरीक्षक. नसेल तर शिपाई व्हा, पगार सुरू करा आणि आतून वर चढा. मी पाहिलेल्या सर्वांत पक्क्या तपासी माणसांतले निम्मे तरी शिपाई म्हणून आलेले होते.

मैदानाचं फार सांगत नाही. तळजाईला, सणस मैदानावर पहाटे पाचला जा, तिथं तुमच्याच वयाची मुलं सापडतील आणि त्यांच्यासोबत पळताना आळस चढत नाही. गोळाफेक शेवटच्या महिन्यावर टाकू नका. तंत्राशिवाय गोळा लांब जात नाही आणि खांदा दुखावतो. एवढं पुरे.

चारित्र्य पडताळणीचं मात्र नीट ऐका. कॉलेजातली मारामारी, गणपतीतला वाद, गावाकडचा भाऊबंदकीचा गुन्हा, असं काहीही नावावर असेल, अगदी निर्दोष सुटला असाल, तरी फॉर्ममध्ये लिहा. लिहिलेल्या गोष्टीवर विचार होऊ शकतो. लपवलेली गोष्ट सापडली तर निवडच रद्द होते. आणि ‘मैदानात सेटिंग आहे’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याचा नंबर घेऊन सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठा.

प्रशिक्षण: नाशिक आणि खंडाळा

उपनिरीक्षकाचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. पुणेकरांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे ही संस्था १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, सुरू झाली आणि नंतर नाशिकला गेली. शिपायांची प्रशिक्षण केंद्रं राज्यभर आहेत. पुणे जिल्ह्यात खंडाळ्याचं आहे, बाकी जालना, सोलापूर, धुळे, अकोला अशी.

परेड, पीटी, गोळीबार यांत दिवस कसा जातो ते कळत नाही आणि दुपारी कायद्याच्या तासाला डोळे मिटायला लागतात. तिथंच तपासात जाणारा आणि न जाणारा वेगळा पडतो. कायद्याच्या तासाला पहिल्या बाकावर बसा. शिकवणारा बहुधा फिल्डवरून आलेला निरीक्षक असतो. त्याला कलमाची व्याख्या विचारू नका, “साहेब, हे कलम तुम्ही शेवटचं कधी लावलं आणि कोर्टात काय झालं?” असं विचारा. वहीत उत्तर लिहून घ्या. माझी ती वही अजून माझ्याकडे आहे.

शिपायाला तपास मिळतो का?

पूर्वी याचं उत्तर सरळ ‘नाही’ होतं. तपास हवालदारापासून वरच्यांनी करायचा, शिपायानं समन्स बजवायची, आरोपी पार्टी करायची, म्हणजे आरोपींची ने-आण करायची. २०२५ च्या मे महिन्यात गृह विभागानं यात बदल केला. शिपाई पदवीधर असेल, त्याची सेवा ७ वर्षं झाली असेल, आणि त्यानं नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातलं ६ आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण करून तिथली परीक्षा उत्तीर्ण केली असेल, तर त्याला तपासाचे अधिकार मिळतात. हाती अर्थात किरकोळ गुन्हे येतात, खुनाचा तपास कुणी देत नाही. पण हीच काय ती ‘डिटेक्टिव्हची परीक्षा’, असं आता म्हणता येईल.

म्हणून बारावीवर भरती झालेल्यांना कळकळीनं सांगतो, पदवी पूर्ण करा. मुक्त विद्यापीठातून करा, पाळ्या सांभाळून करा, पण करा. सात वर्षं झाल्यावर पदवीसाठी धावण्यात अर्थ नाही.

नाशिकचं हे विद्यालय ‘डीटीएस’ म्हणून ओळखलं जातं. कोर्ससाठी ठाण्यातून, आयुक्तालयातून नावं मागवली जातात तेव्हा बरेच जण अंग चोरतात, कारण सहा आठवडे घरापासून लांब राहावं लागतं. तुम्ही मात्र हात वर करा. पुढं उपनिरीक्षक झालात की केंद्र सरकारच्या गुप्तचर प्रशिक्षण संस्थांचे कोर्स खुले होतात. हैदराबाद, कोलकाता, चंडीगड, जयपूर, गाझियाबाद इथं त्या आहेत. गाझियाबादलाच सीबीआयची अकादमीही आहे. हे कोर्स छोटे असतात पण तिथं भेटलेली माणसं आयुष्यभर कामाला येतात. आरोपी राजस्थानात पळाला की जयपूरच्या कोर्समध्ये शेजारी बसलेल्या माणसाला फोन लावता येतो, आणि पुढचे चार दिवस वाचतात.

कायदा किती यायला हवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे लागू आहेत. बाजारात जुनी पुस्तकं अजून स्वस्तात मिळतात, ती घेऊ नका. उलट जुनी कलमंही अगदीच विसरू नका, कारण १ जुलैआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच दंडविधान लागतं आणि अशा केसेस कोर्टात अजून बरीच वर्षं चालतील.

न्याय संहितेची ३५८ कलमं पाठ करत बसू नका. चोरी ३०३, जबरी चोरी ३०९, दरोडा ३१०, खून १०३, फसवणूक ३१८ अशी पंचवीस-तीस कलमं रोज लागतात, ती आपोआप तोंडात बसतात. तपासी माणसाचा खरा ग्रंथ नागरिक सुरक्षा संहिता. त्यातली ही तरी रात्री झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत: १७३ खाली फिर्याद आणि कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागणारी झीरो एफआयआर, १८० खाली साक्षीदाराचे जबाब, १८३ खाली दंडाधिकाऱ्यांपुढचे जबाब, १०५ खाली झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण, १७६ मधली सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी बोलावण्याची तरतूद, १८७ खाली रिमांड, १९२ खाली केस डायरी, १९३ खाली दोषारोपपत्र, आणि १९४ खाली अकस्मात मृत्यूचा तपास.

साक्ष अधिनियमातलं कलम २३ वेगळं काढून वाचा. पोलिसांपुढं दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग चालतो. जुन्या कायद्यात हेच कलम २७ होतं. अजूनही अंमलदार “सत्तावीसचा पंचनामा” असंच म्हणतात, ते ऐकून गोंधळू नका. आरोपी सांगतो, दोन पंचांसमोर त्याचं निवेदन लिहायचं, मग तो पुढं आणि आपण मागं, तो दाखवेल तिथून वस्तू काढायची. आपल्याला जागा आधीच माहीत असेल तर त्या सापडण्याला काही किंमत राहत नाही.

पंचनामा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, त्यावर येतो. परीक्षेत कुणी पंचनामा लिहायला लावत नाही, आणि कोर्टात आरोपी सुटतात ते इथंच.

मी उपनिरीक्षक होऊन दीडेक वर्ष झालं होतं. एका पेठेतल्या जुन्या वाड्यात दिवसा घरफोडी झाली. घरात एकट्या राहणाऱ्या आजी बँकेत गेल्या होत्या. दोन पाटल्या, एक मोहनमाळ आणि थोडी रोकड गेली. मी पंच घेतले, फोटोग्राफर बोलावला, पंचनामा लिहिला. आठ दिवसांत आरोपी सापडला, कटावणी सापडली, एक पाटली सराफाकडून हस्तगत झाली. मी खूश होतो.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी मला पंचनामा वाचायला लावला. त्यात मी लिहिलं होतं, ‘दाराचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केल्याचे दिसते.’ मग त्यांनी आमच्याच फोटोग्राफरनं काढलेला फोटो माझ्या हातात दिला. कोयंडा चौकटीत जिथल्या तिथं होता. कडी शाबूत होती. तुटलं होतं ते फक्त कुलूप, आणि ते उंबऱ्याशी पडलेलं दिसत होतं. वकील एवढंच म्हणाले, “साहेब, यातला उचकटलेला कोयंडा मला दाखवा.” मी फोटोकडे बघत राहिलो. त्यानंतर त्यांना फारसं काही विचारायचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच: पंचनामा ठाण्यात बसून लिहिला, पंच जागेवर नव्हतेच, मग पाटली जप्त केल्याचा पंचनामा तरी कसा खरा मानायचा? आरोपी सुटला. आजी निकालाच्या दिवशी कोर्टात आल्या होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत.

पंचनामा मी जागेवरच लिहिला होता. पंचही तिथंच उभे होते. पण ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द माझ्या डोळ्यांनी पाहिलेलेच नव्हते. प्रत्येक घरफोडीच्या कागदात ते असतात म्हणून ते हातातून उतरले. ठाण्यात जुन्या फायली बघून तुम्ही लिहायला शिकणार, तेव्हा असे तयार शब्द तुमच्याही हातात बसतील. ‘संशयास्पद हालचाली’, ‘उडवाउडवीची उत्तरे’, ‘गुप्त बातमीदारामार्फत’. प्रत्येक तयार शब्द लिहिण्याआधी हात थांबवा आणि समोर बघा. कुलूप तुटलं असेल तर ‘कुलूप तुटलेलं’ लिहा. कुठल्या बाजूनं वाकलंय, त्यावर कसली खूण आहे, चावीचं भोक कसं आहे, ते लिहा. जे दिसतंय ते, आणि तेवढंच.

याचा सराव भरतीआधीही करता येतो. मी मुलांना असं करायला लावतो. अभ्यासिकेतल्या आपल्या टेबलासमोर उभं राहायचं आणि वीस मिनिटांत त्याचा पंचनामा लिहायचा. दिशा आधी ठरवायची, सूर्यावरून किंवा फोनच्या होकायंत्रावरून. मग चौकटीपासून आत: दार कुठल्या दिशेला, किती फूट रुंद, कडी आतून की बाहेरून, टेबल भिंतीपासून किती अंतरावर, टेबलावर काय काय आणि कुठल्या क्रमानं. अंतर ‘अंदाजे’ लिहायचं नाही, टेपनं मोजायचं. कागद मित्राला द्यायचा. त्यानं ती खोली न बघता, फक्त वाचून चित्र काढायचं. चित्र आणि खोली जुळली नाही तर पंचनामा पुन्हा लिहायचा. पहिल्या वेळी बहुतेकांच्या चित्रात खिडकी चुकीच्या भिंतीवर येते. महिनाभरात हात बसतो.

प्रत्यक्ष घटनास्थळी क्रम असा ठेवा. आधी जखमी माणसाला दवाखान्यात. मग जागा अडवा, दोरीनं, फितीनं, काही नसेल तर अंमलदार उभा करून. जमलेल्या शेजाऱ्यांना, आणि आपल्याच साहेबांना सुद्धा, अदबीनं बाहेर थांबवा. ठशांचे तज्ज्ञ आणि मोबाइल फॉरेन्सिक व्हॅन येईपर्यंत कशालाही हात नाही. चित्रीकरण सुरू करून मगच आत जा. पंच त्याच परिसरातले, स्वतंत्र, वाचता-लिहिता येणारे घ्या. नेहमीचा चहावाला दर केसला पंच म्हणून आला की कोर्ट पहिला प्रश्न त्यालाच विचारतं. लिहून झाल्यावर पंचांना वाचून दाखवा. ‘वाचून दाखवला’ असं नुसतं लिहू नका, खरंच दाखवा. कारण तीन वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात त्यांना आठवायचंय.

मुद्देमाल आणि फुटेज

रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका. ओल राहते, नमुना कुजतो. सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा, लिफाफ्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल, त्यावर लाखेचं सील. गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवताना सीलचा नमुना सोबत लागतो. सील जुळलं नाही किंवा पत्रातलं वर्णन आणि पाकिटावरचं वर्णन वेगळं निघालं तर पाकीट परत येतं, आणि परत आलेल्या पाकिटाचा प्रवास कोर्टात समजावताना घाम फुटतो. मुद्देमाल ठाण्यातून निघाला, कुणी नेला, किती वाजता पोचला, कुणी घेतला, हे सगळं कागदावर सलग पाहिजे.

पुण्यात आज निम्मा तपास कॅमेऱ्यावर चालतो. रस्त्यावरचे कॅमेरे आहेतच, पण कामाला येतात ते सोसायटीचे, किराणा दुकानाचे, पेट्रोल पंपाचे. घटनेनंतर पहिल्या दिवशीच त्या रस्त्यानं चालत जा आणि वर बघत जा. छोट्या दुकानाच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुनं चित्रण काही दिवसांत नव्याखाली पुसलं जातं. उद्या येतो म्हणालात की पुरावा गेला. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. डीव्हीआरवर दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांतला फरक तिथंच, पंचनाम्यात लिहा. घड्याळ सतरा मिनिटं पुढं असेल आणि तुम्ही ते लिहिलं नसेल, तर तुमचा आरोपी कागदोपत्री त्या वेळी दुसरीकडे होता असं सिद्ध होतं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघता येईल असा तिचा खुणेचा आकडा. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीच्या खटल्यात, म्हणजे आपल्या जालन्याच्याच प्रकरणात, मूळ उपकरण कोर्टात हजर करता येत नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे असं स्पष्ट केलं. तो निकाल मिळवून वाचा. फुटेज घेतानाच दुकानदाराकडून प्रमाणपत्र घ्या. नंतर तो दुकान विकून गावाला गेलेला असतो.

अटक आणि दिवसांचा हिशेब

अटक म्हणजे तपास पूर्ण झाला, हा नवख्यांचा मोठा गैरसमज. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी अटकेची गरज आहे का ते लिहून काढा. गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस द्या. अटक केलीत तर कारणं लेखी द्या, नातेवाइकाला कळवा, वैद्यकीय तपासणी करा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करा. आरोपीच्या अंगाला हात लावू नका. हे मी माणुसकी म्हणून सांगतोच, पण मारून काढलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे तर वर सांगितलंच.

रिमांडच्या पहिल्या दिवसापासून भिंतीवर दिवस मोजा. दोषारोपपत्राला ६० दिवस, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस. एक दिवस उशीर झाला तरी आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. केस डायरी रोजच्या रोज लिहा. आठवड्याची एकदम लिहिली की शाई आणि अक्षर दोन्ही सांगतात.

ठाण्यातलं पहिलं वर्ष

डीबीत कसं घेतात, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी अर्ज नसतो. वरिष्ठ निरीक्षक माणसं बघून निवडतात. म्हणून पहिलं वर्ष असं घालवा: ठाणे अंमलदाराच्या शेजारी बसून फिर्याद कशी लिहितात ते बघा. मुद्देमाल कारकुनाला दिवाळीआधीच्या आवराआवरीत मदत करा, दहा वर्षांच्या केसेस त्या खोलीत पडलेल्या असतात. ससूनच्या शवागारात एकदा तरी पूर्ण शवविच्छेदनाला उभे राहा. डॉक्टर जखमेचं वर्णन कसं करतात ते ऐका आणि तुमच्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मरणोत्तर पंचनाम्यात, तुम्ही काय लिहिलं होतं ते ताडून बघा. सुट्टीच्या दिवशी शिवाजीनगर कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐका. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, भरतीआधीही जाता येतं.

तुमचा बीट, म्हणजे तुमच्या वाट्याचा भाग, पायी फिरा. गाडीवरून माणसं दिसत नाहीत. रात्री दोनला कुठला पानवाला उघडा असतो, कुठल्या बोळातून पलीकडच्या रस्त्याला निघता येतं, रेकॉर्डवरचा कोण जामिनावर बाहेर आलाय, हे डोक्यात पाहिजे. बातमीदार असाच जमतो, ओळखीतून, त्याच्या पोराच्या शाळेची चौकशी केल्यानं. त्याचं नाव कुठल्याही कागदावर लिहायचं नाही आणि सोबत्यालाही सांगायचं नाही.

आणि फिर्याद नाकारू नका. स्वारगेटला एसटीत चढताना फोन गेलेली मुलगी ठाण्यात येते. तिला ‘फोन हरवला असं लिही’ म्हणून वाटेला लावलं जातं. माझ्या घरातल्याच माणसाला हा अनुभव आलाय, तो मला अजून बोचतो. चोरी असेल तर चोरीच लिहा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलंय. तिला आयएमईआय नंबर शोधून द्या, सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करायला मदत करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी तिला लावून द्या, कागद नंतर. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच घ्यायची असते. ती येईपर्यंत फिर्यादीला ठाण्याच्या बाकावर सगळ्यांसमोर बसवून ठेवू नका, आतली खोली उघडा, पाणी द्या.

पिशवीत काय असावं

पहिल्या नेमणुकीच्या दिवशी एक साधी कापडी पिशवी घ्या आणि तिच्यात हे भरून ठेवा: तीस मीटरची टेप, होकायंत्र, टॉर्च आणि जादा सेल, हातमोजे, वेगवेगळ्या मापाचे कागदी लिफाफे, पांढरा दोरा, कोरे आखीव कागद, दोन काळी पेनं, खडू, लाख, मेणबत्ती, काडेपेटी आणि शिक्का. पावसाळ्यात काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. मुठा फुगलेली, रात्रीचा एक वाजलेला, दोन पंच छत्री धरून उभे, आणि लाख वितळवायला काडी पेटत नाही, अशी वेळ पहिल्याच पावसात येते.